बाहेरून काम केलं म्हणजे वॉरंटी गेली? गाडीत बदल करणाऱ्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर "बाहेरून काम झालंय सर, वॉरंटी व्हॉइड झाली" हे वाक्य इतक्या सहज ऐकवलं जातं की बहुतेक लोक गप्प बसतात आणि पैसे भरून मोकळे होतात. तिकडे अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बरोबर उलटं सांगतात, "काही होत नाही दादा, कपलर टू कपलर आहे, वॉरंटीला टच नाही". दोघंही आपापल्या सोयीचं बोलतात. खरं काय ते तुम्ही गाडीत नेमकं काय बदललं आणि आता नेमका कुठला पार्ट बिघडला यावर ठरतं, आणि हेच दोन प्रश्न काउंटरवर कोणी विचारत नाही. म्हणून हा सगळा विषय जरा सावकाश उलगडून लिहितोय, कारण यात साध्या माणसाचे हजारो रुपये फक्त माहिती नसल्यामुळे जातात आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

आधी वॉरंटी म्हणजे काय ते बघू. कंपनी तुम्हाला लेखी देते की अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, जे आधी संपेल तोपर्यंत, गाडीच्या मटेरियलमधे किंवा बनावटीत दोष निघाला तर पार्ट फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. बस एवढंच. मारुतीची स्टँडर्ड वॉरंटी बरीच वर्षं २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, जुलै २०२४ पासून ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली, बाकी बऱ्याच कंपन्याही ३ वर्षांच्या आसपास देतात. यात ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर ब्लेड, बल्ब असल्या झिजणाऱ्या वस्तू साधारणपणे येतच नाहीत, त्यामुळे दोन वर्षं शहरातल्या ट्रॅफिकमधे चालवून क्लच प्लेट गेली आणि कोणी म्हणालं की अ‍ॅलॉय लावल्यामुळे क्लेम नाकारला, तर ते मुळातच चुकीचं कारण आहे, अ‍ॅलॉय नसते तरी झिजलेली प्लेट फुकट मिळाली नसती. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा टायरवाल्या आणि बॅटरीवाल्या कंपनीची असते, गाडीवाल्या कंपनीची नाही, ते कार्ड वेगळं मिळतं आणि ते जपून ठेवायचं असतं. एक्स्टेंडेड वॉरंटी हा अजून वेगळा करार, कधी गाडीची कंपनीच देते तर कधी मागे दुसरीच कंपनी असते, आणि त्याच्या अटी जास्त कडक असू शकतात, एखादी सर्व्हिस वेळेवर झाली नाही तरी तिथे अडवतात. विकत घेताना त्या अटींचा कागद मागून घ्या, फक्त पावतीवर समाधान मानू नका.

आता सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर एवढा घाबरून लगेच नाही का म्हणतो, याचं कारण आतल्या व्यवहारात आहे. डीलर तुमचा पार्ट वॉरंटीत बदलतो तेव्हा पार्टचे आणि मजुरीचे पैसे तो नंतर कंपनीकडून वसूल करतो. त्यासाठी त्याला फोटो, स्कॅन रिपोर्ट, कधीकधी बिघडलेला पार्टसुद्धा कंपनीकडे पाठवावा लागतो, आणि कंपनीने तिथे बघून "गाडीत बाहेरचं वायरिंग दिसतंय" म्हणून क्लेम नाकारला तर तो खर्च डीलरच्या अंगावर येतो. म्हणजे काउंटरवरचा माणूस निर्णय देत नसतो, तो स्वतःची रिस्क टाळत असतो. अंतिम शब्द कंपनीचा असतो, आणि कंपनीच्या वरती ग्राहक आयोग असतो. हे एकदा डोक्यात बसलं की त्या पहिल्या "नाही"चं दडपण बरंच कमी होतं.

मूळ तत्त्व असं आहे की बदल आणि बिघाड यांचा संबंध लागला पाहिजे. तुम्ही बाहेरून सीट कव्हर शिवून घेतले आणि स्टिअरिंगचा रॅक आवाज करायला लागला, तर या दोन गोष्टींचा काही संबंध नाही आणि सीट कव्हरच्या नावाखाली रॅक नाकारणं चूक आहे. पण तुम्ही मोठे टायर, बाहेरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) टाकले आणि व्हील बेअरिंग गेलं, तर संबंध अगदी सरळ आहे. वॉरंटी बुकलेटमधे "काय कव्हर होत नाही" या पानावर बहुतेक कंपन्या लिहितात की कंपनीने मान्य न केलेल्या बदलामुळे किंवा पार्टमुळे झालेलं नुकसान कव्हर होणार नाही. त्या वाक्यातला "मुळे" हाच तुमचा आधार आहे. काही बुकलेटमधे मात्र आणखी कडक भाषा असते, अमुक बदल केला तर पूर्ण वॉरंटी रद्द, म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीचं ऐकून चालत नाही, स्वतःच्या गाडीचं पुस्तक उघडून ते पान वाचावंच लागतं, दहा मिनिटांचं काम आहे.

या बाबतीत आपल्याकडे एक महत्त्वाचा निकाल आहे जो फार कमी लोकांना माहीत आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. मुद्दा होता स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देण्याचा, पण त्याच आदेशात आयोगाने हेही म्हटलं की ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजकडून काम करून घेतलं एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करायची अट लावू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे हा आदेश दाखवला की काउंटरवर लगेच काम होईल असं समजू नका. तो दुरुस्तीबद्दल आहे, हौसेच्या बदलांबद्दल नाही, हेही लक्षात ठेवा. पण विचार तोच आहे, नुकसान जेवढं तुमच्या कामामुळे तेवढंच तुमच्या माथी, आणि लेखी तक्रार करताना हा मुद्दा मांडायला चांगला आहे.

यूट्यूबवर बरेच जण इंग्रजी व्हिडिओ बघून सांगतात की कंपनीला वॉरंटी रद्द करताच येत नाही, तसा कायदाच आहे. तो कायदा अमेरिकेतला आहे, मॅग्नसन-मॉस वॉरंटी अ‍ॅक्ट, १९७५ चा, आणि त्यात कंपनीला "आमचाच पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी विसरा" अशी अट साधारणपणे घालता येत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा खरा उपयोग आहे, फक्त तिथेही बदलामुळेच बिघाड झाला असेल तर कंपनी त्या दुरुस्तीला नाही म्हणू शकते. पुण्या-नाशकात तो कायदा चालत नाही. आपल्याकडे गाडीच्या वॉरंटीसाठी असा वेगळा कायदा नाही, आपलं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

आता एकेक बदल घेऊ आणि सुरुवात वायरिंगपासून करू, कारण वॉरंटीची सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात आणि खरं सांगायचं तर कंपनीची बाजूही इथेच सगळ्यात भक्कम असते. हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून लोक साध्या ५५/६० वॅटच्या बल्बच्या जागी ९०/१०० वॅटचे टाकतात. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अ‍ॅम्पिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्याच वायरमधे पावणेतीन पट उष्णता, आणि ती वायर, तो स्विच, तो होल्डर कंपनीने ६० वॅट धरून बनवलेला असतो. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक जाते, कॉम्बिनेशन स्विच जळतो, आणि मग तो स्विच वॉरंटीत मागायला गेलं की मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने नेणारा स्विच) आणि वेगळं हार्नेस (वायरींचा संच) टाकलं तर स्विच वाचतो पण रिफ्लेक्टरवरची उष्णता तशीच राहते. याहून भयंकर प्रकार म्हणजे फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी १५ अ‍ॅम्पिअरच्या जागी ३० चा फ्यूज बसवून देतो. फ्यूज उडतो तो वायरला आग लागू नये म्हणून, तो मोठा केला की आता फ्यूजच्या आधी वायर जळणार. असा फ्यूज सापडला की कंपनी इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम ऐकून घेणार नाही, आणि गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाला धोका तो वेगळाच. कृपा करून हे कोणी करू नका.

अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, अँप, सब-वूफर, यांच्या बाबतीत सगळा खेळ वायर कापली की नाही यावर असतो. कपलर टू कपलर म्हणजे कंपनीच्या सॉकेटमधे तयार सॉकेट बसवायचं, वायर सोलायची नाही, टेप मारायची नाही. काढलं की गाडी होती तशी. हे पुष्कळ चांगलं, पण दुकानदार म्हणतो तेवढं निर्धोक नाही, कारण कपलर न कापताही ती वस्तू करंट ओढतेच. गाडी बंद असताना सुद्धा जर ती थोडा थोडा करंट खात राहिली तर चार दिवस उभी राहिलेली गाडी स्टार्ट होत नाही, आणि बॅटरीवाली कंपनी म्हणते की बॅटरीत दोष नाही, गाडीत लीकेज आहे. दुसरं म्हणजे आजच्या गाड्यांत खिडकीचं बटण, लॉक, इंडिकेटर, वायपर हे सगळं एका कंट्रोल मॉड्यूलमधून जातं, त्याला बीसीएम म्हणतात, आणि सगळे मॉड्यूल दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलत असतात. जुन्या गाडीत एखादी वायर जोडून हॉर्न वाजवता यायचा, नव्या गाडीत तीच वायर चुकीच्या ठिकाणी टोचली की मीटरवर पाच लाईट एकदम लागतात. वायर कापलेली सापडली की त्या सर्किटवरचं सगळं नाकारलं जातं, आणि बीसीएम महाग येतो. डॅशकॅमसाठी सिगारेट लायटरचं सॉकेट वापरा, किंवा हार्डवायर करायचंच असेल तर योग्य फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून वेगळी लाइन काढणारा जोड) लावून घ्या, वायर सोलू देऊ नका. बसवणारा घाईत असतो, तुम्ही शेजारी उभे राहा.

चाकं आणि टायर. इथे थोडं गणित केलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. समजा तुमचा मूळ टायर १८५/६५ आर १५ आहे (रुंदी १८५ मिमी, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच), तर त्याची पूर्ण उंची होते साधारण ६२१ मिमी. त्याऐवजी २०५/५५ आर १६ टाकला तर उंची ६३२ मिमी, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त, हे चालण्यासारखं. पण रिम तोच ठेवून २०५/६५ आर १५ टाकला तर ६४७ मिमी, चार टक्क्यांच्या वर. साधारण तीन टक्क्यांच्या आत राहायचं असा सगळीकडे वापरला जाणारा अंदाज आहे. त्याच्या पुढे गेलं की स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी दाखवायला लागतो, मायलेज पडतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला घासतो, आणि एबीएसला ज्या चाकांचा हिशोब दिलेला असतो तो हिशोब बदलतो. उंचीपेक्षाही जास्त त्रास ऑफसेटचा (चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा) आणि स्पेसरचा. चाक बाहेर आलेलं दिसायला छान दिसतं, पण वजन बेअरिंगपासून लांब गेलं की बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो, आणि लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप सगळंच लवकर थकतं. या सगळ्यावरची वॉरंटी गेली असं समजूनच हे करावं. मात्र इंजिन, गिअरबॉक्स, एसी, इलेक्ट्रिकल यांची वॉरंटी अ‍ॅलॉयमुळे जायचं काही कारण नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर तिथे अडून बसायला पाहिजे. मला विचाराल तर कंपनीच्याच वरच्या मॉडेलला येतो तोच साइझ घ्यावा, टायरचा स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर बघावा, कारण त्याच गाडीला तो साइझ कंपनीनेच मान्य केलेला असल्यामुळे नाकारायला कोणाला तोंड राहत नाही.

ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं. टर्बो पेट्रोल आणि डिझेलवाल्यांमधे याची क्रेझ आहे आणि पॉवर वाढते हे खरंच आहे, पण ती पॉवर येते टर्बोचा दाब आणि इंधन वाढवून, म्हणजे टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन यांच्यावर कंपनीने धरलेल्यापेक्षा जास्त भार टाकून. ट्यूनर सांगतो की सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल टाकून देतो, कळणार नाही. यावर विसंबू नका. बऱ्याच ईसीयूमधे सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं त्याची नोंद राहते, फाइलचा नंबर आणि चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी जुळवून बघता येतो, आणि एरर आला त्या क्षणी आरपीएम, तापमान, लोड किती होता हेही ईसीयू साठवून ठेवतो. इंजिन किंवा गिअरबॉक्सचा मोठा क्लेम आला की कंपनी हे सगळं तपासते, छोट्या क्लेमला नाही तपासत म्हणून लोकांना वाटतं की चालून गेलं. रीमॅप केला तर इंजिन आणि ट्रान्समिशनची वॉरंटी संपली असं धरा. वॉरंटी संपल्यावर करा, किंवा तेवढे पैसे बाजूला ठेवून करा.

सीएनजीचं वेगळं सांगायला हवं कारण ही हौस नाही, खर्च परवडत नाही म्हणून लोक बसवतात. कंपनी फिटेड सीएनजी आणि बाहेरून बसवलेलं किट यात फक्त बिलाचा फरक नाही. सीएनजी कोरडा गॅस आहे आणि पेट्रोलसारखा व्हॉल्व्हला थंडावा देत नाही, म्हणून कंपनीच्या सीएनजी गाडीत व्हॉल्व्ह सीट त्या हिशोबाने टिकाऊ बनवतात, सिलिंडरचं वजन धरून मागचं सस्पेन्शन सेट करतात आणि ईसीयू दोन्ही इंधनांचा हिशोब ठेवतो. बाहेरच्या किटसाठी इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात, इंजेक्टरच्या वायरींमधे जोड द्यावा लागतो, डिकीत ब्रॅकेटसाठी ड्रिल मारावं लागतं, आणि एवढं झाल्यावर इंजिन, फ्युएल सिस्टिम, ईसीयू यांची वॉरंटी कंपनी देणार नाही आणि त्यावर भांडणंही अवघड आहे. एसी कॉम्प्रेसर, पॉवर विंडो, स्टिअरिंग, म्युझिक सिस्टिम हे मात्र तुमच्या हक्काचं राहतं, ते सोडू नका. नवी गाडी आणि रनिंग जास्त असेल तर माझं ठाम मत आहे की वेटिंग असलं तरी कंपनी फिटेडच घ्या, आणि बाहेरूनच बसवायचं असेल तर निदान गाडीची वॉरंटी संपत आल्यावर, मान्यताप्राप्त किट, आरटीओ रजिस्टर्ड फिटरकडून, आणि लगेच आरसीवर नोंद. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी असते ती चुकवू नका, तो विषय वॉरंटीचा नाही, जिवाचा आहे.

टू-व्हीलरवाल्यांनी सायलेन्सरकडे बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हापासून सायलेन्सर म्हणजे नुसता पाइप राहिला नाही. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्या सेन्सरच्या रीडिंगवर इंजिन किती पेट्रोल घ्यायचं ते ठरवतं. मोकळा सायलेन्सर आणि वर हवा जास्त खेचणारा एअर फिल्टर लावला की मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनवर परिणाम होतो, आणि हे उघडल्यावर स्पष्ट दिसतं. इंजिनाचा क्लेम तिथेच संपला. वर आवाजाबद्दल पोलिस पकडतात ते वेगळं, पुण्यात तर जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेला आहे. जास्तीच्या फॉग लाइट लावल्या तर भार स्टेटर कॉइल (वीज तयार करणारी) आणि आरआर युनिटवर (ती वीज नियंत्रित करून बॅटरीला देणारं) येतो, ती दोन्ही महाग आहेत आणि लाइट बाहेरच्या दिसल्या की नाकारली जातात. लडाखला निघालेल्या पोरांनी लगेज कॅरिअर लावताना फ्रेमला वेल्डिंग मात्र अजिबात करू देऊ नये, नट-बोल्टवर बसणारंच घ्यावं, कारण फ्रेमला वेल्डिंग केलं की फ्रेमची जबाबदारी कंपनी घेत नाही.

सीट कव्हर, मॅट, पीपीएफ (रंगावरची पारदर्शक फिल्म), सिरॅमिक कोटिंग, डोअर व्हायझर यांनी सहसा काही होत नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. ज्या गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या बाजूतून उघडते तिथे साधं सीट कव्हर त्या शिवणीवर घट्ट बसलं तर एअरबॅग नीट उघडणार नाही, म्हणून एअरबॅगसाठी बाजू मोकळी सोडलेलंच कव्हर घ्या. आणि ज्या गाड्यांत पुढे रडार आणि काचेवर कॅमेरा असतो, म्हणजे अ‍ॅडासवाल्या, तिथे पुढचा बुल बार, नंबरप्लेटची जाड फ्रेम, लिफ्ट किट, काचेवर कॅमेऱ्यासमोर आलेला फास्टॅग या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी सेन्सरची नजर बिघडते. बुल बार तर लावूच नये, डिसेंबर २०१७ मधे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं सांगितलेलं आहे, धडकेत ते पायी चालणाऱ्याला जास्त मारतात आणि धडकेचा जोर चॅसीवर नेऊन एअरबॅगच्या वेळेचा घोळ करतात.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते ती जागा, शोरूम. डिलिव्हरीच्या वेळी सेल्सवाला पंचवीस-तीस हजारांचं अ‍ॅक्सेसरी पॅकेज माथी मारतो आणि आपण समजतो की शोरूममधून बसवलं म्हणजे कंपनीचं झालं. तसं नसतं. कंपनीची जेन्युइन अ‍ॅक्सेसरी म्हणजे जिचा कंपनीच्या कॅटलॉगमधे पार्ट नंबर आहे आणि जी त्या पार्ट नंबरने बिलावर आलेली आहे. डीलर बाजारातून आणून जे बसवतो ते त्याच्या दुकानातलं असलं तरी कंपनीच्या हिशोबात बाहेरचंच, आणि सहा महिन्यांनी त्याच डीलरचा सर्व्हिसवाला म्हणू शकतो की बाहेरचं वायरिंग आहे. म्हणून प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. नसेल पार्ट नंबर तर डीलरच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर लिहून घ्या की ही वस्तू आम्ही बसवली आणि त्यामुळे वॉरंटीवर परिणाम झाला तर जबाबदारी आमची. लिहून देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच की.

क्लेम नाकारला तर काय करायचं. पहिलं, तोंडी नकार घेऊच नका. जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि विचारा की कुठला पार्ट, कशामुळे बिघडला, आणि माझा कुठला बदल त्याला कारण आहे, हे लिहून द्या. स्कॅन रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो मागा. बिघडलेला पार्ट फेकू देऊ नका, त्याचे फोटो काढा, तोच तुमचा पुरावा. गाडीची निकड असेल आणि पैसे भरून काम करून घ्यावंच लागत असेल तर आधी ईमेल टाका की हे पैसे मी हरकत नोंदवून भरतोय, वॉरंटीचा हक्क सोडलेला नाही. मग कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार, तिथून एरिया मॅनेजरकडे जातं आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण डीलर जी रिस्क घेत नाही ती कंपनी कधीकधी गुडविल म्हणून घेते, अर्धे पैसे तरी सोडते. सर्व्हिस सगळ्या वेळेवर झालेल्या असतील तर या टप्प्यावर तुमचं वजन खूप वाढतं. बाहेर ऑइल बदललं असेल तरी बिल ठेवा, त्यावर ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर असू द्या. आणि बदल लपवू नका. जाण्याआधी स्क्रीन काढून ठेवली आणि कापलेल्या वायरी मागे सापडल्या तर खरा मुद्दासुद्धा कोणी ऐकत नाही.

तिथेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, फुकट आहे. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यालाच होते, ऑनलाइन दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि १० लाखांपर्यंत फक्त २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ती तरतूद कायद्यात आहे. वॉरंटीतल्या अपवादावर बोट ठेवून नाही म्हणणाऱ्याने तो अपवाद इथे कसा लागू होतो ते दाखवलं पाहिजे, "बाहेरचं काम दिसलं" एवढं पुरत नाही. पण नुसतं त्यावर विसंबून न राहता एखाद्या जाणत्या मेकॅनिकचा किंवा इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट स्वतःही जोडा. मुदत आहे कारण घडल्यापासून दोन वर्षं, फोनवर फोन करत ती घालवू नका.

वॉरंटीच्या नादात लोक दोन गोष्टी विसरतात, आरटीओ आणि विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने हे कलम कडकच वाचायचं असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचं तर अजून नाजूक, सीएनजी किट पॉलिसीवर चढवलं नाही आणि गाडीला आग लागली तर वॉरंटीवाला म्हणणार बाहेरचं किट, विमावाला म्हणणार आम्हाला सांगितलंच नाही, आणि गाडीचे हप्ते तुमचे चालूच राहणार. म्हणून मोठा बदल केला की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून एन्डोर्समेंट (पॉलिसीवर त्या बदलाची नोंद) करून घ्या, थोडा प्रीमियम वाढेल तर वाढू दे.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांना हे सगळं दुप्पट लागू आहे. "अजून वॉरंटी बाकी आहे" म्हणून विकणारा दहा-वीस हजार जास्त मागतो, पण आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. टोकन द्यायच्या आधी त्याला घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, गाडीच्या नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री काढायला सांगा, एखादा क्लेम आधी नाकारलाय का ते विचारा, फ्यूज बॉक्स उघडून फ्यूजचे आकडे झाकणावरच्या चार्टशी जुळतात का बघा, स्टिअरिंगखालचं कव्हर काढून टेप मारलेल्या वायरी दिसतात का बघा, आणि वॉरंटी, विशेषतः एक्स्टेंडेड, तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का आणि किती दिवसांत करायची ते लेखी घ्या.